बांधातली बाय

मथुराकाकीचं घर कर्लीच्या खाडीकाठी, आमच्यापासून चार माडांवर. मागे तिचं भाताचं खाजण, खाडीलगतचं सखल शेत, आणि त्यापलीकडे जुना मातीचा बांध. बांध फुटला तर खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढे कैक वर्षं तिथे भात होत नाही. नवरा गेल्यापासून काकी या एका तुकड्यावर जगते.

बांध टिकेना म्हणून कोणा शेतकऱ्याने आपली सून त्यात पुरली, असं वाडी मानते. उधाणाची भरती चढली की ती बाय कण्हते. ती कण्हली की माणसांनी माती घेऊन धावायचं. म्हणून दरवर्षी उधाणाआधी भात आणि चिकणमाती मळून त्याचा गोळा बांधातल्या ज्या भोकातून ती कण्हते त्याच्या कडेला लावायचा. हे काम काकीकडे सासूकडून आलं. गोळा लावताना ती माहेरवाशिणीशी बोलावं तशी बोलायची. शाळेतून येताना मी ऐकलंय. "औंदा लावणी उशिरा झाली, बाये. सांभाळून घे."

यंदा उन्हाळ्यात माझी जुनी विद्यार्थिनी अपेक्षा बांध कसा रचलाय ते बघायला आली. ती कणकवलीच्या कॉलेजात इतिहास शिकवते. काकीने खणू दिलं, पण बाय सापडली तर तिला तिथेच परत निजवायचं या अटीवर.

हाडं निघाली नाहीत. भाजक्या मातीची एक लांब नळी निघाली, खाडीकडे रुंद, शेताकडे त्या भोकाशी निमुळती. पाणी चढलं की आतली हवा दबते आणि तोंडातून आवाज निघतो, अपेक्षाने समजावलं. काही शतकांपूर्वी कोणीतरी बोलणारा बांध बांधला होता. सांगताना तिचे डोळे चमकत होते.

काकी वाकून त्या पोकळीत बघत राहिली. "हाडां नाय? मग इतकी वर्सां माझो भात कोण खाय होता?"

"खेकडे, काकी."

"आसतले."

अपेक्षाने नळी घासूनपुसून होती तशी बसवली.

"न्हाऊक घातलंस गो तिका?" काकी म्हणाली. "आता थंडी लागतली."

त्या पावसाळ्यात काकीने गोळा लावला नाही. बाय नाहीच, तर भात कोणासाठी?

श्रावणातल्या अमावास्येला भर दुपारी उधाण चढलं. आवाज ऐकायला अपेक्षाही आली होती. पाणी बांधाच्या माथ्याशी आलं तरी नळी गप्प. अपेक्षाने नळीच्या तोंडात बोट फिरवलं आणि तिचा चेहरा उतरला.

"इथे मातीचे थर होते. मीच काढले. त्या गोळ्यांनीच तोंड हवं तेवढं अरुंद राहत होतं."

घरातून सकाळचा भात आणून काकी मातीत मळायला बसली.

तेवढ्यात कण्हणं आलं. लांबलेलं, दबकं. नळीतून नव्हे, बांधाच्या दुसऱ्या टोकाकडून, केवड्याच्या बनातून.

आम्ही धावलो. केवड्याच्या मुळांशी पाणी भोक पाडून शेतात शिरत होतं. आमच्या हाकांनी वाडी जमली. पेंढा, दगड, माती, मिळेल ते टाकून भोक बुजवलं. शेत वाचलं.

अपेक्षा गुडघाभर चिखलात उभी होती. "इथे दुसरी नळी असणार. काकी, दिवाळीनंतर खणून बघूया?"

गोळा अजून काकीच्या हातातच होता. तिने तो ओल्या मातीवर ठेवला आणि तळव्याने हळूच दाबला.

"नळी आसतली," ती म्हणाली. "पण हंयसर खणू नको गो. हाडां गावतली."