तडे बुजवलेली बकेट

आमच्या भावोजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, वाकडी रेघ खपत नाही. शर्टाची घडी चुकली तर ते ताईला बोलत नाहीत, गुपचूप पुन्हा घालतात, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट. तीस वर्षं त्यांनी टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात वेल्डिंग केलं. तिथे केसाएवढा तडा दिसला की टाकी परत. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लहानसं मशीन मांडलं आणि खाणीवरच्या पोकलेनच्या दगड उपसायच्या बकेटा दुरुस्तीला घ्यायला सुरुवात केली. दगडाने बकेटची कड झिजते. तिच्यावर खास रॉडने कठीण थर चढवायचा, म्हणजे आतलं लोखंड वाचतं.

दोन बकेटांचा थर आठवड्याच्या आत निघाला. खाणीचा फोरमन स्वतः तिसरी घेऊन आला. म्हणाला, "काका, हिचाही थर गेला तर काम दुसरीकडे जाईल. माझ्या हातात काही नाही." अठ्ठावन्नाव्या वर्षी भावोजींना दुसरं काम कोण देणार होतं?

ते कारण शोधायच्या मागे लागले. रॉड दमट असतील म्हणून ताईच्या ओव्हनमध्ये भाजले. ताई दोन दिवस ओव्हनकडे फिरकली नाही. जुना थर ग्राइंडरने मुळापर्यंत काढला. कड आधी तापवून घेतली. घरगुती मशीन लगेच तापायचं, तेव्हा त्यालाच पंख्याचा वारा घालत बसायचे. सगळं नीट चाललं होतं. पण थर निवताना टिक टिक आवाज यायचा आणि बोटाबोटाच्या अंतरावर बारीक आडवे तडे पडायचे. आधीच्या बकेटांवर त्यांनी ते वरून आणखी एक थर देऊन झाकले होते.

"चुकलं ते इथेच," ते म्हणाले. "अर्धवट काम केलं मी."

मग दोन दिवस एकेक तडा कोरून रॉडने भरला. नवा पडला, तोही भरला. मी म्हटलं, "भावोजी, बकेट दगडात घालायची आहे, लग्नात मिरवायची नाही." ते हसले नाहीत. शेवटी कड अशी गुळगुळीत झाली की ताईनेही हात फिरवून पाहिला. मलाही वाटलं, जमलं.

बकेट खाणीवर परत गेली आणि चौथ्या दिवशी फोरमनचा फोन आला. आम्ही दोघं खाणीवर गेलो. थराचे जाड पापुद्रे गळून पडले होते, खाली नुसतं लोखंड. शेजारी दुसऱ्या खाणीवरून आणलेली बकेट होती, महिनाभर चाललेली, थर जागच्या जागी. भावोजी वाकून बघायला लागले.

"हिला तर तडेच तडे आहेत."

"असणारच, काका. थर निवताना जो ताण येतो, तो तिथून सुटतो. तडे बुजवून वर भरत गेलं की ताण आतच साठतो आणि अख्खा थर उचलतो."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

फोरमन ओशाळला. "तुम्ही एवढे जुने वेल्डर. तुम्हाला मी काय शिकवणार?"

घरी ताई दारातच उभी होती. "टिकला का?" तिने विचारलं. भावोजींनी चपला काढल्या, भिंतीला लावून सरळ ठेवल्या आणि खाली बसले.

"आळस केला असता तर टिकला असता गं," म्हणाले आणि रडायला लागले.

मी त्यांना कधीच रडताना पाहिलं नव्हतं. ताईने मला हातानेच बाहेर जायला सांगितलं.