आलापल्लीची परेड आणि काशीबाईचा कंदील

पंचावन्न सालच्या सुमारास आमची इंजिनिअर कंपनी आलापल्लीच्या पुढे एक रस्ता आणि एका नाल्यावरचा पूल बांधायला आली. मी नायक होतो, ट्रेड नर्सिंग असिस्टंट. घर मूलजवळचं, धानाच्या शेतीचं. बाकी जवानांना सागवानाचं ते रान म्हणजे शिक्षा वाटायची. मला मात्र घरी आल्यासारखं वाटलं, आणि सांगायला लाज कसली, सबंध नोकरीत एवढी सुखाची पोस्टिंग मला पुन्हा मिळाली नाही.

सकाळी पाचला उठायचा बिगुल, म्हणजे रिव्हेली, साडेपाचला पीटी, सात ते बारा पुलाचं काम. माझी एम.आय. रूम, म्हणजे कंपनीचा दवाखाना, हा एक तंबू, दोन खाटा आणि सुया उकळायचा स्टोव्ह. मलेरिया, विंचू आणि हातोड्याखाली सापडलेली बोटं हे माझे रोजचे पेशंट. आणखी एक आजार होता, त्याचं नाव कोणी घेत नसे. तो झालेले जवान माझ्याकडे येऊन नुसते उभे राहत. मग मी तंबूचा पडदा ओढून घ्यायचो.

आठवडी बाजाराच्या टोकाला चार झोपड्या होत्या. तिथे काही बाया धंदा करत. घरापासून दूर पडलेले जवान सुट्टीच्या दिवशी तिकडे जात. मी त्यांना तेव्हाही नावं ठेवली नाहीत, आजही ठेवत नाही. माझं काम त्यांना धडधाकट ठेवण्याचं होतं, शहाणपण शिकवण्याचं नव्हतं.

त्यासाठी फौजेचा उपाय ठरलेला होता. महिन्याच्या पहिल्या सोमवारी, सकाळी साडेसहाला, एफ.एफ.आय. परेड. म्हणजे अंगावर रोग नाही ना, याची तपासणी. मोठ्या तंबूत सगळी कंपनी उघडी रांगेत उभी, आणि मी टॉर्च घेऊन एकेकापुढून जाणार. कोणाला रोग निघाला तर त्याची रजा बंद, वर चार्ज, म्हणजे साहेबापुढे उभं करून शिक्षा. आमच्या परेडला कधी कोणी सापडत नसे. मी छाती फुगवून रिपोर्ट लिहायचो. आणि दोन आठवडे जात नाहीत तोच तिघं-चौघं पडद्यामागे हजर.

मला हे कोडं उलगडायला पाच महिने लागले, एवढा मी हुशार. बाजारात एक कंपाउंडर बसायचा. परेडची तारीख सगळ्यांना पाठ होती. आदल्या आठवड्यात जवान त्याच्याकडे जाऊन पेनिसिलिनची एकच सुई टोचून घेत. फोड बसायचा, रोग जायचा नाही. आमच्याच परेडच्या भीतीनं अर्धवट इलाजाची सवय लागली होती. आमच्या कंपनीच्या मेजरसाहेबांनी मधे त्या झोपड्या आउट ऑफ बाउंड्स केल्या, म्हणजे तिकडे जायला बंदी घातली, तर जवान सहा मैल लांबच्या दुसऱ्या गावी जायला लागले.

कॅप्टन डॉक्टर दर पंधरा दिवसांनी चांद्याहून, म्हणजे आताच्या चंद्रपूरहून, यायचे. मी त्यांच्यापुढे रडगाणं गायलं. ते हात पुसत म्हणाले, की जवानांची तपासणी सगळे करतात, पण त्या बायांना कोणी काही विचारलंय का? नसेल विचारलं तर जाऊन विचार.

एका शुक्रवारी दुपारी चार वाजता मी युनिफॉर्म न घालता तिकडे गेलो. त्या घरांची कारभारीण काशीबाई. पन्नाशीची, नऊवारी लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ती तांदूळ निवडत बसली होती. तिला वाटलं, मी तिला उठवायला आलोय. मी आमच्या बोलीत बोललो तेव्हा तिनं चटई टाकली. मग तिनं मलाच खडसावलं.

"तुमचे जवान येतात आन् सांगतात, मले काई नाई, आमची परेड झाली. आमी कोणाले दाखवावं डॉक्टरभाऊ? दवाखान्यात गेलं तर लोक बाहेरच्या बाहेर हाकलतात."

मी विचारलं, मग तुम्ही खबरदारी काय घेता? तिनं दाराशी टांगलेला कंदील दाखवला. आलेल्या माणसाला ती आधी कंदिलाच्या उजेडात नीट पाहायची. फोड, जखम दिसली तर परत पाठवायची, मग तो कोणी का असेना. मी म्हटलं, बाई, मीही टॉर्च घेऊन हेच करतो, आणि आपण दोघंही फसतोय. हा रोग आत लपून बसतो. डोळ्यांना दिसला नाही म्हणजे माणूस निरोगी, असं नसतं.

मग आतून एका बाईला बोलावून काशीबाईनं तिचे हात माझ्यापुढे उलटे केले. तळव्यांवर तांबूस डाग होते. खाज नाही, दुखत नाही, म्हणून त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. मला मात्र बघताक्षणी कळलं. गरमी, म्हणजे सिफिलिस. हिच्याकडे कोण कोण येतं, असं मी विचारलं. काशीबाई नाव सांगायला तयार नव्हती, तिच्या धंद्याचीही इज्जत होती. शेवटी हळूच म्हणाली, "तुमचा नारायण. उद्या लग्नाले चालला म्हणून सगळ्याईले लाडू वाटून गेला."

लान्स नायक नारायण आरमोरीकडचा. पुलावर उंच तुळईवर शीळ घालत चालायचा. तो माझा दोस्त होता. सोमवारच्या परेडला मीच त्याला टॉर्च मारून पास केलं होतं. शनिवारी दोन वाजताच्या गाडीनं तो बल्लारशाला आणि तिथून गावी जाणार होता. मंगळवारी लग्न. तो असाच गेला तर त्याच्याबरोबर रोगही त्या मुलीच्या घरात जाणार होता, आणि पुढे तिच्या लेकरांत.

शनिवारी अकरा वाजता मी त्याला तंबूत घेतलं. महिन्यापूर्वी फोड आला होता, त्यानं कबूल केलं. कंपाउंडरची एक सुई, चार दिवसांत साफ. आता काहीच नाही, असं म्हणून तो हसला. मी त्याच्या अंगातला शर्ट वर केला. पाठीवर तेच तांबूस डाग होते. मग तो हसला नाही.

"भाऊ, रजा गेली तं गावात काय सांगू मी? मांडव टाकून राह्यले असतील."

"त्या पोरीले काय सांगशील, ते आधी पाह्य."

तो खाटेवर बसून राहिला. साडेबाराला उठला आणि स्वतः म्हणाला, "चाल मेजरसाहेबाकडे." मला भीती वाटत होती. नियमानं त्याला चार्ज होता, आणि माझ्या पाच महिन्यांच्या रिपोर्टांची अब्रूही जाणार होती. मी दोन्ही गोष्टी सावधान उभं राहून सांगितल्या. परेड, कंपाउंडर, काशीबाई, सगळं. वर हेही सांगितलं, की साहेब, आपण पकडायला बसलो म्हणून हे लपायला शिकले.

मेजरसाहेब फार कमी बोलायचे. त्यांनी नारायणला विचारलं, "खुद आया?"

"जी साहब."

"तो चार्ज नहीं."

एक वाजून दहा मिनिटांनी वायरलेसवर चांद्याला मेसेज गेला. "मेडिकल ऑफिसर पाहिजे. प्रोकेन पेनिसिलिन, वीस जणांचा पूर्ण कोर्स. ओव्हर." पलीकडून विचारणा झाली, "वीस? सगळे आजारी? ओव्हर." आमचा ऑपरेटर म्हणाला, "सोळा जवान. चार सिव्हिल. आउट." जवानांचा सोळा हा आकडा मी नुसत्या अंदाजानं सांगितला होता. नारायणच्या घरी तार गेली, की पुलाच्या तातडीच्या कामामुळे रजा पुढे ढकलली.

डॉक्टरसाहेब रविवारी आले. त्यांनी चांद्याच्या सरकारी दवाखान्यात शब्द टाकून काशीबाईच्या घरातल्या चौघींचाही इलाज करवला. नारायणला दहा दिवस रोज सुई, मग तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासणी. ती चांगली येईपर्यंत लग्न नाही. परेडमध्ये पकडणं थांबलं. जो आपणहून येईल त्याला चार्ज नाही, असा हुकूम लागला, आणि माझ्या तंबूपुढे रांग लागली. सोळाच्या वर तिघं निघाले.

निरोधाच्या पाकिटांना आम्ही एफ.एल. म्हणायचो. ती आधी सही करून घ्यावी लागत, म्हणून कोणी घेत नसे. मी खोकं कॅन्टीनमध्ये दाढीच्या ब्लेडशेजारी ठेवलं, विनासहीचं. निरोध कसा वापरायचा याचं लेक्चर मी त्याच परेडच्या टॉर्चवर दिलं. जवान हसून हसून खाली बसले, पण शिकले. एक खोकं काशीबाईकडे गेलं. तिनं नियमच केला. ज्याला ते मंजूर नाही तो कोणी असो, दारू प्यालेला असो की हवालदार, दार बंद. कंदील दाराशी तसाच राहिला, पण तिची भिस्त आता त्याच्यावर नव्हती.

नारायणचं रक्त स्वच्छ आलं. चौथ्या महिन्यात त्याचं लग्न लागलं. मी वऱ्हाडी होतो आणि एवढा जेवलो, की परतीच्या गाडीत बसवेना.

काही वर्षांनी नारायण सरहद्दीवरच्या लढाईत गेला. नदीवर पूल टाकताना गोळी लागली. तेव्हा मी रिटायर होऊन गावी आलो होतो. वर्षश्राद्धाला गेलो, तर त्याच्या बायकोनं, यमुनानं, मला विचारलं, "भाऊ, ज्या पुलापायी माझं लगन अडलं, तो मले दाखवता का?"

मी तिला दोन लेकरांसह आलापल्लीला घेऊन गेलो. पुलावर उभं राहून मी आपला पुलाचं कौतुक करत होतो, कसा पक्का आहे वगैरे. तिनं मला मधेच थांबवलं.

"मले ठाऊक आहे भाऊ. लग्नाच्या आधीच त्यानं सगळं सांगतलं होतं. मी पूल पाह्याले नाई आली. ते काशीबाई अजून हाये का?"

काशीबाई होती. मोतीबिंदूनं डोळे गेले होते. ओसरीवर बसली होती, धंदा कधीच सोडलेला. ही कोण, ते मी सांगितलं. नारायण गेल्याचं यमुनानंच सांगितलं. म्हातारीनं हात पुढे केले, दोन्ही लेकरांना जवळ ओढलं आणि चेहरे, दंड, पाठी चाचपून पाहिल्या.

"चांगली हायेत," ती म्हणाली.

"हो बाई," यमुना म्हणाली. "तुमच्यामुळंच."

नारायणचं नाव आमच्या इंजिनिअर सेंटरमधल्या शहीदांच्या दगडावर कोरलेलं आहे, वरून सहावं. दर वर्षी मी तिथे सॅल्यूट करतो. काशीबाईचं नाव कुठल्याही दगडावर नाही, म्हणून तो हात खाली आणायला मी थोडा उशीर करतो.