आतून उघडणारं कुलूप

माझे काका किल्लीवाले. "मला उघडता येणार नाही असं कुलूप अजून जन्माला यायचंय," ही त्यांची बढाई ऐकून आमचे कान किटले होते. एकदा त्यांच्याच दुकानाच्या मागच्या दाराचं कुलूप उघडेना. किल्लीच्या भोकात माती दिसत होती. काकांनी गल्लीतल्या यच्चयावत पोरांचा उद्धार केला आणि उकरायला तार उचलली. तेवढ्यात बारीक कमरेची एक कुंभारमाशी हिरवी अळी घेऊन आली. ती तिनं भोकात कोंबली, मग मातीची ओली गोळी आणून वर असं गुळगुळीत लिंपलं की काका तार धरून तसेच उभे राहिले.

"आत अंडं आहे, आणि ही अळी म्हणजे पिल्लाची शिदोरी," ते काकूला कुजबुजत म्हणाले, जणू घरात बाळंतीणच आहे. "आजपासून पुढच्या दारानं ये-जा."

"आणि कुलूप?"

"राहू दे."

तीन आठवड्यांनी त्या मातीला मुगाएवढं गोल भोक पडलं आणि एक नवीकोरी माशी मिशा पुसत बाहेर आली. काका कितीतरी वेळ बघत राहिले.

"चाळीस वर्षं मी बाहेरून कुलपं उघडतोय," ते म्हणाले. "आतून उघडायला हिला शिकवलं कुणी?"