गुलाम नबी चहा शिकतो

जळालेली मोटर फेकायची की भरायची, हे घाटंजीत लोक गुलाम नबीला विचारून ठरवत. विहिरीतल्या मोटरची जळकी तार काढायची आणि नवी हातानं गुंडाळायची. एक वेढा चुकला तरी तो सगळं उकलून पुन्हा भरायचा. हे काम बसून होतं म्हणून सोपं नाही, मान आणि बोटं मोडतात. सत्तरी ओलांडली तरी दुकानाची किल्ली त्याच्याच कमरेला होती.

आरोग्य केंद्राची सुरभी म्हाताऱ्यांची तपासणी करत आमच्या गल्लीत आली. रोजची कामं माणूस स्वतः करतो का, हे ती विचारायची. करता येत नसतील तर विसरण्याचा आजार सुरू झालेला असू शकतो. गुलाम नबीच्या वतीनं उत्तरं दिली त्याच्या बायकोनं, जैबुनबीनं. स्वयंपाक? नाही. चहा? नाही. कपडे, औषधं, बाजार, एकट्यानं प्रवास? नाही. प्रत्येक नाही ती मान वर करून सांगत होती.

"लग्न झाल्यापासून यायले मी पान्याचा गिलास उचलू देल्ला नाही."

आधी येत होतं आणि आता जमत नाही, की कधी केलंच नाही, हे विचारायचं सुरभीकडून राहून गेलं. विजेजवळ याला एकटं सोडू नका, पुढच्या महिन्यात पुन्हा पाहते, असं सांगून ती गेली. संध्याकाळी मुलगा अफरोजनं किल्ली काढून घेतली. "अब्बा, करंटचं काम हाय," एवढंच बोलला. त्याचं तरी काय चुकलं?

किल्ली परत हवी, तर सगळ्या प्रश्नांना हो म्हणता आलं पाहिजे. गुलाम नबी कामाला लागला. स्वतःचा सदरा धुतला आणि इतका पिळला की शिवण उसवली. एसटीनं एकटा नेरला गेला आणि त्याच गाडीनं परत आला. उतरला काहून नाही, असं कंडक्टरनं विचारल्यावर म्हणाला, परीक्षा चालू हाय. चहाच्या दिवशी साक्षीदार म्हणून मला समोरच्या घरातून बोलावलं. जिनिंगमध्ये मी जन्मभर कापसाच्या गाठी उचलल्या, पण तो चहा घशाखाली उतरवायला जास्त जोर लागला.

पत्ती किती टाकायची, असं त्यानं जैबुनबीला विचारलं. ती म्हणाली, रुबीनाले इचारा. रुबीना म्हणजे सून. दुसऱ्या दिवशी मीठ विचारलं, तरी तेच. मोटर कुठं जळली हे शोधायची त्याला सवय, म्हणून तो स्वयंपाकघरातच बसून राहिला. रुबीना भाजी चिरून द्यायची, मसाला वाटीत काढून द्यायची, गॅस लावायची आणि बंदही करायची. जैबुनबी फक्त चमचा फिरवायची.

मग रुबीना चार दिवस माहेरी मारेगावला गेली. जैबुनबीनं स्वतः चहा केला, मोरीत गाळला आणि गाळणीतली पत्ती कपांत भरून आमच्यासमोर ठेवली. मी गुलाम नबीकडे पाहिलं. त्यानं चमचा मागितला आणि पत्ती खाल्ली. मग मीही खाल्ली.

सुरभी पुन्हा आली तेव्हा त्यानं सगळ्याला हो म्हटलं आणि करून दाखवलं. तिनं अफरोजला किल्ली परत द्यायला सांगितलं. गुलाम नबीनं हात पुढे केला नाही.

"थांब बेटी. आता हेच सवाल हिले इचार. अन् जवाब कोनी देऊ नका, हिले करून दाखवू द्या."

जैबुनबी हसत उठली. चहाच तर करायचा होता. रुबीना मागोमाग निघाली, तर त्यानं तिला हातानं खाली बसवलं. जैबुनबी ओट्यापाशी उभी राहिली. गाळणी उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

पुढे जैबुनबीला यवतमाळला मोठ्या डॉक्टरकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या. किल्ली अफरोजकडेच आहे. गुलाम नबी आता स्वयंपाकघरात असतो आणि चहा बरा करतो. जैबुनबी पाटावर बसून आल्यागेल्याला हळू आवाजात समजावते की मियाँचं डोकं काम करत नाही, ती तपासणीवाली पोरगी सांगून गेली, म्हणून यायले काहीतरी कामात ठेवा लागते.

गुलाम नबी मान हलवतो.

"हो ना," म्हणतो, "मले आता काहीच आठवत नाही. जैबुन, साखर टाकू काय?"

"टाका," ती म्हणते.