आईंशिवायचं सीतादही

आमच्याकडे कपाशीचं पहिलं बोंड वेचायच्या आधी सीतादही करतात. धुऱ्याजवळच्या, म्हणजे बांधाजवळच्या, एका झाडाखाली पाच खडे मांडायचे, हळद-कुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवून तो वावरात शिंपडायचा आणि मातीपुढे डोकं टेकून म्हणायचं, माय, तू दिलं, आमी घेऊन रायलो. हे घरातल्या मोठ्या बाईनं करायचं. आमच्या घरी आधी माझ्या आजेसासूनं केलं, मग सासूनं. लग्न होऊन आले तेव्हापासून माझं काम एवढंच, की मागे उभं राहून नारळ हातात द्यायचा.

त्या वर्षी दसरा झाला आणि आईंना, म्हणजे माझ्या सासूला, लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणं जड झालं. अकोल्याच्या दवाखान्यात भरती केलं. इकडे पातूरकडच्या आमच्या वावरात कापूस असा फुटला होता की रस्त्यानं जाणारे गाडी थांबवून पाहायचे. आणि मामाजी, माझे सासरे, धुऱ्यावर हात मागे बांधून उभे राहायचे. म्हणायचे, "ती येईन. तिच्या हातानं सीतादही होईन. मंग वेचू."

सुरुवातीला मलाही ते बरं वाटलं. माणसाचा भाव आहे, म्हटलं, राहू दे. मग आभाळ भरून यायला लागलं. कापूस बोंडातून सुटून लोंबायला लागला. वेचणाऱ्या बाया दुसऱ्यांच्या वावरात लागल्या, त्यांना काय, त्यांना रोजचं काम पाहिजे. मोबाईलवर पावसाचा अंदाज रोज दिसायचा. कापूस भिजला की पिवळा पडतो, आणि आमचं सगळं वर्ष त्या एका पिकावर होतं. नवऱ्याला म्हटलं, "तुमी बोला नं बाबाशी." तो म्हणे, "मी काय बोलू? तूच बोल." बाहेर सगळ्या गावाशी भांडेल हा माणूस, पण बापासमोर हूं की चूं नाही.

मग मीच बोलले. माझं तोंड तसंही फटकळच. वाढता वाढता म्हटलं, "मामाजी, आभाळ थांबते का कोनासाठी? आईच्या जागी मी करीन."

त्यांनी घास ताटात ठेवला. "तुले लय घाई झाली तिची जागा घ्याची."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. भांडी घासता घासता रडले, पण रागानंच.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन अकोल्याला गेले. मऊ भात भरवत होते, तर आईंनी विचारलं, "कापूस?"

"झाडावरच आहे," मी सांगितलं. "मामाजी म्हणतात, तुमच्याच हातानं सुरुवात होईन." मला वाटलं, ऐकून त्यांना बरं वाटेल.

त्यांनी भात गिळला आणि चादरीवर पडलेल्या आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. "येडा झाला थो," त्या म्हणाल्या. मग एकेक शब्द ओढत, "मी आता नाही येत वावरात. त्याले सांग. तू कर."

"असं काहून बोलता, आई? दिवाळीपर्यंत उभ्या राहता तुमी."

त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट घट्ट दाबलं. इतकी वर्षं या बाईशी मी भाजीतल्या मिठावरून भांडले, चुलीवरच्या पाण्यावरून भांडले. त्या खाटेजवळ बसून मला कळलं, की हिच्याशिवाय त्या वावरात पाय ठेवायची मला भीती वाटते.

घरी आल्यावर मामाजींना सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते उठून गोठ्याकडे गेले. सकाळी मी भात शिजवला, दही घेतलं. कुणी कर म्हटलं नाही, कुणी नको म्हटलं नाही. मी आणि नवरा पुढे निघालो, बऱ्याच अंतरावरून मामाजी येत होते.

पाच खडे मी मांडले. दहीभात शिंपडला. आता मातीपुढे डोकं टेकायचं, तर माझ्या तोंडातून शब्द फुटेना. तू दिलं म्हणू, आणि जे नेलं त्याचं काय?

मागून मामाजी म्हणाले, "म्हन."

"नाही म्हनत. मले राग आहे."

नवरा घाबरून बापाकडे पाहायला लागला. मलाही वाटलं, आता चांगली खरडपट्टी निघणार. मामाजी आले आणि माझ्या बाजूला गुडघे टेकून बसले.

"मलेबी आहे," ते म्हणाले. "पर दोघंबी राग धरून बसलो तं कापूस कोन वेचन?"

त्यांनी मातीला डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही. खांदे हलत होते. मग मीही टेकलं. आभार मानले की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही.

संध्याकाळी पाऊस आलाच आणि निम्मा कापूस भिजला, पण ते नंतरचं. त्या सकाळी वेचायला आम्ही घरचेच होतो. वेचणी आमच्याकडे बायांची. पुरुष गाठोडी बांधतात, गाडीत घालतात. मामाजींनी जन्मात बोंडाला हात लावला नव्हता. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा कमरेला बांधून ओटी केली आणि माझ्या शेजारच्या ओळीत शिरले. ती ओळ नेहमी आई धरायच्या. दोन्ही हातांनी ओरबाडल्यासारखे वेचत होते. वाळली पानं, काड्या, सगळं कापसात येत होतं. मला राहवलं नाही.

"मामाजी, असं नाही वेचत. सारा कचरा येऊन रायला. आईनं पायलं तं..."

मामाजींनी मूठ उघडून तो कापूस माझ्यापुढे धरला.

"मंग शिकव," ते म्हणाले.