काटरिनाची पाच ताटं

परवाना घेऊन तुर्की जहाजं लुटणारे आमच्या बिर्गू बंदराचे कप्तान सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांनी धरून आणलेल्या कैद्यांना वीस वर्षं रांधून घालणारी काटरिना फारशी कुणाला ठाऊक नाही. विधवा बाई. परत आलेल्या ताटात काय उरलंय, हे निरखून बघायची तिला खोड होती.

एकदा ईस्टरनंतरच्या आठवड्यात तिच्या भाच्याने, कप्तान ग्रेत्सूने, स्तमाती नावाचा खलाशी धरून आणला. "मी तुर्क नाही, पात्मोस बेटावरचा ख्रिस्ती आहे," असं तो सांगत होता. ते न्यायाधीशांना पटलं तर सुटका, नाहीतर गुलामांचा बाजार.

काटरिनाने त्याच्यापुढे कोकराचं मटण ठेवलं. त्याने ताट सरकवलं.

"आमचा उपास चालू आहे. आमचा ईस्टर अजून यायचाय."

"ईस्टरचं जहाजही वारा पडून अडकलं की काय?" पहारेकरी हसले.

काटरिनाला मात्र राहवेना. दुसऱ्या दिवशी तिने चीज दिलं, तिसऱ्या दिवशी अंडं, चौथ्या दिवशी तळलेला मासा. सगळं परत, गडी नुसता पाव खायचा. बिर्गूत उपासाला मासाच खायचे; तो चालत नाही, हे तिने जन्मात ऐकलं नव्हतं. पाचव्या दिवशी ऑक्टोपस दिला, तर त्याने वाडगा पुसून खाल्ला.

"सापडला की नाही?" ग्रेत्सू खूश झाला. "मासा नको, ऑक्टोपस हवा! असला कसला उपास? मग न्यायाधीशांकडे कशाला निघालीस? आत्या, तू घरची की परक्याची?"

"घरचीच रे मेल्या. म्हणून तर ख्रिस्ती माणूस विकू देत नाहीये."

न्यायाधीशांकडे तिने एकच मागणं केलं: गावातल्या ग्रीक चर्चच्या पाद्र्याला बोलवा, पण कैद्याबद्दल त्याला काही सांगू नका. पाद्री काय म्हणेल, हे तिलाही माहीत नव्हतं.

"तुमच्या बेटांवर ईस्टर झाला?" न्यायाधीशांनी पाद्र्याला विचारलं.

"छे, अजून अवकाश आहे. तिथे जुनं पंचांग चालतं."

"उपासाला मासा?"

"मुळीच नाही."

काटरिनाने पदरासारखा ओढणीचा काठ मुठीत धरला.

"आणि ऑक्टोपस?"

"तो चालतो. त्याला रक्त कुठे असतं?"

ग्रेत्सू छताकडे बघू लागला.

स्तमाती सुटला. धक्क्यावर तो तिच्या हाताचं चुंबन घ्यायला वाकला, पण तिने हात मागे घेतला.

"ते राहू दे. गोगलगायी चालतात का, ते सांग."

"चालतात की, मावशी."

"मग चार दिवस नुसत्या पावावर का काढलेस? माझ्या दारात टोपलीभर होत्या!"