सत्यशीलाचं लग्न सरकारदरबारी

तिसगावच्या अलीकडे रस्त्याला लागून असलेल्या वस्तीत एक छोटं चर्च आहे. तिथं लग्न असलं की नवरीला साडी सत्यशीलाच नेसवते. दुसऱ्या कुणी नेसवली आणि तिला ती पटली नाही, तर सगळ्या पिना काढून ती पहिल्यापासून नेसवते. वऱ्हाड बाहेर ताटकळलं तरी चालेल. उमेदीची वर्षं ऊसतोडीत गेली, पुढं शाळेत खिचडी शिजवली. उसाची मोळी ढिली बांधली तर ती ट्रकवर चढवणाऱ्याच्या डोक्यावर सुटते, हे तिनं पाहिलेलं आहे. त्यामुळं ढिलं काम तिला कुठंच बघवत नाही.

तिचा नवरा बिभीषण बांधकाम खात्यात रस्त्याच्या गँगवर होता, आता निवृत्त आहे. त्यानं बुजवलेला खड्डा पुढच्या पावसाळ्यापर्यंत उघडत नसे. बोलायला मात्र तो मोकळा, आणि कुठं बोलू नये ते त्याला कळत नाही.

चर्चला नव्या पाळकबाई आल्या, धनश्री नावाच्या. जुने पाळक बदलून गेले आणि लग्न नोंदवायचा परवाना बाईंच्या नावावर यायला पाच-सहा महिने गेले. तेवढ्यात दोन लग्नं झाली. आशीर्वाद मिळाला, जेवणं झाली, दाखला मात्र मिळाला नाही, आणि पोरं हेलपाटे घालत बसली. म्हणून एका रविवारी उपासनेनंतर बाईंनी मंडळीपुढं ठराव ठेवला. इथून पुढं नवरा-नवरीनं आधी कचेरीत लग्न करावं, मग चर्चमध्ये यावं. सरकारचं काम सरकारनं करावं, देवाचं आपण करू. मी पाळक आहे, सरकारची कारकून नाही, असं त्या म्हणाल्या.

पहिली सत्यशीला उठली.

"मग नवरी कचेरीतूनच बायको हून येनार. हितं देवापुढं काय उरलं? नुसता केक कापायचा?"

मंडळी हसली. तेवढ्यात बिभीषण उभा राहिला आणि म्हणाला, "आमचं तर पहिल्यापासून येगळंच हाय. देवाचं झालं, सरकारचं ऱ्हायलंय. आमीच जाऊन बघतो, किती त्रास हाय ते."

या वेळी मंडळी जास्त हसली. सत्यशीला घरी पोचेपर्यंत नवऱ्याच्या दहा पावलं पुढं चालली.

तिचं लग्न साखर कारखान्याच्या तोडणी टोळीत असताना झालं होतं, उसाच्या फडात. कारखाना एक दिवस बंद होता, तोड नव्हती, म्हणून तो दिवस धरला. कारभारी नावाचे एक प्रचारक सायकलवर आले. त्यांच्याकडे परवाना नव्हता, आणि तसा काही असतो हे टोळीत कुणाला ठाऊकही नव्हतं. वऱ्हाड मोळ्यांवर बसलं. गीत झालं, वचनं झाली, मंगळसूत्र बांधून झालं आणि दुपारी कारखाना सुरू झाल्याचा निरोप आला. नवरा-नवरीनं त्याच कपड्यांवर ट्रक भरला.

सासरी आल्यावर थोरली जाऊ दोन-चार वर्षं टोमणे मारायची, "हिचं काय, फडातलं लगीन." सत्यशीलानं कधी उलटून उत्तर दिलं नाही. तीन लेकरं झाली, नातवंडं झाली, जाऊही पुढं मऊ पडली. पण तो शब्द आत कुठंतरी तसाच होता. उद्या कचेरीतल्या साहेबानंही तेच म्हटलं तर?

संध्याकाळी पाळकबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "मावशी, मनात नसेल तर जाऊ नका."

"जाते की," सत्यशीला म्हणाली. "पर माज्या लग्नाला त्यांनी लगीन म्हटलं न्हाई, तर तुमचा ठराव मी पाडनार."

बाईंनी ते मान्य केलं.

नगरच्या कचेरीत टेबलाशी एक तरुण कारकून होता. नाव, वय, पत्ता विचारून झाल्यावर त्यानं मान वर न करता विचारलं, "वधू अविवाहित, विधवा की घटस्फोटित?"

"लगीन झालेली," सत्यशीला म्हणाली.

त्यानं मान वर केली. "कुणाशी?"

"ह्यांच्याशी."

"आणि आज कुणाशी करायचंय?"

"ह्यांच्याशीच."

बाकावरची जोडपी हसू लागली. कारकूनही हसला. तो म्हणाला, "आजी, या तिन्हीतलंच एक लिहावं लागतं. अविवाहित लिहितो."

"न्हाई लिहायचं. लग्नाच्या दिवशी ट्रक भरलाय मी ह्या मानसासंगं. अविवाहित म्हनं."

ती उठली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली. बिभीषण चहा घेऊन मागोमाग आला. हौसेनं बोलून गेलेली गोष्ट हिला कुठं लागली आहे, ते त्याला आत्ता दिसलं. तो खालच्या आवाजात म्हणाला, "चल घरी. नगं आपल्याला."

सत्यशीलानं चहा संपवला. मग कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाली, "आलोय येवढ्या लांब तर अर्धं टाकून जायचं व्हय?" आणि ती सरळ मोठ्या मॅडमच्या खोलीत शिरली.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि कारकुनाला बोलावलं. "अरे, यांना लग्न करायचं नाहीये. यांचं झालंय. झालेल्या लग्नाची नोंद करायची आहे. त्याचा अर्ज निराळा." मग त्यांनी दाखल्यात काय लिहितात ते वाचून दाखवलं. यांचा विवाहविधी पूर्वीच झालेला असून तेव्हापासून हे दोघं पती-पत्नी म्हणून एकत्र राहत आहेत.

"परत वाचा," सत्यशीला म्हणाली.

मॅडमनी परत वाचलं. पहिला भाग ऐकताना तिचे डोळे भरून आले. दुसऱ्या भागाला तिच्या कपाळावर आठी पडली.

"एकत्र नगा लिहू. ह्यांची गँग खर्ड्याकडं हुती तवा तिकडंच ऱ्हायचे. शनिवारी यायचे फकस्त. खोटं कशाला?"

"शनिवारी येत होते ना? मग ते एकत्रच."

"एक शनिवार चुकला हुता," बिभीषण म्हणाला.

"दोन."

मॅडमना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

हरकतींसाठी नोटीस महिनाभर फळ्यावर लागली. इकडे वस्तीत, हरकत कोण घेणार यावर रोज चर्चा. पितळी हंडा परत केला नाही म्हणून मेहुणा घेईल, असं बिभीषणाचं म्हणणं होतं. कुणीच घेतली नाही. ठरल्या दिवशी टेम्पो भरून माणसं निघाली. बायकांनी बिभीषणाला हळद फासली. सत्यशीलाला लावायला गेल्या तर तिनं हात धरले. "माझी मागंच लागलीय."

साक्षीदार तिघं होते. पाळकबाई, चर्चचे खजिनदार रामहरी, आणि टोळीतला जुना सोबती गोरक्षनाथ. त्याचं चर्चशी काही नातं नाही. घरी खंडोबा आहे. पण लग्न बघितलेला माणूस तोच एक उरलेला. कुणी न विचारताच त्यानं मॅडमना सांगितलं, "म्या मोळीवर बसून पाह्यलंय. त्यांच्या मागचा ट्रक माजा हुता."

सत्यशीलानं सही हळू केली, एकेक अक्षर जोर देऊन. दाखला हातात आल्यावर कारकून म्हणाला, "आजी, नवीन लग्नाच्या शुभेच्छा."

"नवीन काय न्हाई बाबा. लिहिलंय तेवढं नवीन," असं म्हणून तिनं त्याच्या हातावर सगळ्यात मोठा पेढा ठेवला.

बाहेर आल्यावर पाळकबाईंनी विचारलं, "मग ठरावाचं काय, मावशी?"

"येगळंच ठेवा," सत्यशीला म्हणाली. "रस्ता करनारा येगळा आन झालेल्या कामाचं माप लिहिनारा येगळा. ह्यांच्या खात्यात तसंच हाय. पर आधी चर्च, मग कचेरी. रस्ता झाल्याबिगर माप लिहीत न्हाईत."

बाईंना नेमकं उलटं हवं होतं. मागं ठेवलेली नोंद मागंच राहते, लोक आळस करतात, असं त्यांनी सांगितलं. त्या दोन जोडप्यांच्या हेलपाट्यांचीही आठवण करून दिली.

"आळस कसा करत्यात बघते. लग्न झालं की पहिल्या सोमवारी नवरा-नवरीला टेम्पोत घालून मीच आनते."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मावशी आणणार, यात शंका घ्यायला जागा नव्हती. मग त्या म्हणाल्या, "बरं. रविवारी ठराव तुम्हीच मांडा."

टेम्पोचा ड्रायव्हर घाई करू लागला. नवरदेव म्हणून बिभीषण पुढच्या सीटकडे निघाला, तर सत्यशीला आधीच तिथं बसलेली. मांडीवर दाखला, त्यावर पेढ्यांचा पुडा.

"तुमी मागं बसा," ती म्हणाली. "गीत म्हनायला मानसं कमी पडत्यात."

तो मागं चढला आणि टेम्पो भिंगारच्या रस्त्याला लागण्याआधीच त्यानं गीत सुरू केलं, सगळ्यांपेक्षा वरच्या पट्टीत.